नऊबोटेंचा अंगठा

ऐक ना. मधे बोलू नकोस, नुसतं ऐक.

खुणेकाका ओट्यापाशी चहा गाळत होते आणि त्यांची मुलगी टेबलावर फोन पुढ्यात ठेवून, आता रडते की मग रडते, अशी बसली होती. ती युनियनची सेक्रेटरी. बाटल्यांच्या ज्या कारखान्यात काकांनी उभा जन्म काढला, तिथंच ती पॅकिंगला आहे.

"संपलं, बाबा. सगळे हो म्हणाले."

"कशाला हो?"

"एका मशीनवर दोघांऐवजी एकच माणूस. मालकांना आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवंय. मी सकाळी ग्रुपवर विचारलं, हे आपल्याला चालेल का. आता बघा, नुसते अंगठेच अंगठे."

काकांनी चष्मा चढवला, फोन हातभर लांब धरला, वरून खाली नावं वाचली आणि खुदकन हसले.

"अगं वेडे, हे नाही म्हणतायत."

"बाबा, चेष्टा नको हं. माझं डोकं ठणकतंय."

"चेष्टा कसली? अंगठा म्हणजे थांबव. आणि शेडचं सोड, आपल्या भाषेत अंगठा दाखवला म्हणजे काय, एवढंही शाळेत शिकवलं नाही का तुला?"

आता हे कळायला तुला ती जुनी शेड डोळ्यांसमोर आणायला लागेल. बाटल्या पट्ट्यावरून यायच्या, एकमेकींना धडका देत. नळावरच्या भांडणात कशी सगळ्यांचीच तोंडं सुटतात, तसा आवाज, आणि तो सुट्टीपर्यंत चालू. शेजारचा कानात ओरडला तरी ढिम्म कळायचं नाही. म्हणून सगळे हातांनी बोलायचे. तळवा आडवा म्हणजे चालू दे. मनगटावर टिचकी म्हणजे चहा. कोपर खाजवलं म्हणजे फोरमन येतोय. आणि मशीनचं लाल बटण अंगठ्यानं दाबायचं, म्हणून अंगठा वर म्हणजे थांबव. तो दिसला की आधी मशीन बंद करायचं, का ते मग विचारायचं.

काका या भाषेत पटाईत. खुणेकाका हे नाव त्यातूनच पडलं. पोस्टमनला तर ते आडनावच वाटायचं. युनियनची सभा असली की काका भट्टीपाशी एकदाच हात हलवायचे, आणि चहाच्या सुट्टीच्या आत निरोप हातोहात पॅकिंगला पोचलेला असायचा. फोरमन मधूनच फिरत असायचा, पण त्याला काही पत्ता नसायचा.

काकूंना मागणीसुद्धा अशीच घातली म्हणे. काकू तेव्हा पॅकिंगला. काकांनी लांबून आधी स्वतःकडं बोट केलं, मग तिच्याकडं, आणि दोन बाटल्या शेजारी शेजारी धरून दाखवल्या. तिनं सरळ अंगठा वर केला. काकांचं तोंड एवढंसं झालं. घरी जाऊन जेवलेसुद्धा नाहीत. दुसऱ्या दिवशी ती भेटली तेव्हा म्हणाली, "अहो शहाणे, तुमच्यामागं फोरमन उभा होता."

काकू गेल्यापासून घरात हातांनी बोलायला कुणी राहिलं नाही. मुलीला चार-दोन खुणा येतात, पण तिचे हात सतत फोनमध्ये.

तिचंही बरोबरच होतं म्हणा. जुनी शेड मोडली, मशीनं तीन ठिकाणी पांगली, पाळ्या अशा केल्या की एकाची सुटली की दुसऱ्याची झोपायची वेळ. काका कुरकुरायचे, "गेटवर उभं राहिलं की माणूस दिसायचा गं." ती म्हणायची, "गेटच राहिलं नाही, बाबा. उभं कुठं राहायचं?" मग तिनंच ग्रुप काढला. एकेकाच्या घरी जाऊन नंबर गोळा केले, म्हाताऱ्यांना फोन शिकवले, मीटिंगा फोनवर घ्यायला लागली. पूर्वी सभेला कधी न आलेला गोदामाचा ड्रायव्हरही गाडी कडेला लावून बोलायला लागला. काकांनी हे तोंडावर कधी कबूल केलं नाही, पण मीटिंग असली की दाढी करून बसायचे.

"ठीक आहे," ती म्हणाली, "जुने लोक थांबव म्हणतायत. पण नवीन पॅकिंगवाल्यांचा अंगठा म्हणजे होच. मशीनवरून जो कमी होईल त्याला कायमची दिवसपाळी देतो म्हणालेत. लहान पोरं असलेल्या बायका हो म्हणणारच ना. मी मोजू काय आणि कळवू काय?"

"मग बोलव सगळ्यांना. आत्ता."

बोलावलं. फोनवर चौकटीच चौकटी उघडल्या. सगळे एकदम बोलायला लागले. कुणाचा टीव्ही, कुणाचं बाळ, कुणी म्हणतंय "ऐकू येतंय का?", तर कुणी विचारतंय "कोण बोलतंय?" काका ऐकत बसले आणि हळूच म्हणाले, "ही तर आपली शेडच झाली की. सगळ्यांचे आवाज बंद कर बरं."

तिनं केले.

काका फोनसमोर उभे राहिले. बाही सरकवली. एक बोट वर, मशीनची खूण, एक माणूस, आणि प्रश्नाला हात उलटा. आणि अगं बाई, त्या चौकटींमधले म्हातारे असे ताठ झाले, जणू कुणी भोंगा दिला. एकेक हात वर यायला लागला. अंगठा. अंगठा. गाडीतल्या ड्रायव्हरनं काच खाली करून हात बाहेर काढला, तर तो चौकटीत दिसेचना. मग पुन्हा आत घेतला.

एका नव्या मुलीनं खाली लिहिलं, 'हे काय चाललंय?'

सेक्रेटरीबाईंनी उत्तर लिहिलं, 'हे नाही म्हणतायत. आमच्या शेडमध्ये अंगठा म्हणजे थांबव.'

'मग आमचा?'

तेवढ्यात नऊबोटेंची चौकट मोठी झाली.

नऊबोटे म्हणजे काकांचे मशीनवरचे जोडीदार. हेही आडनाव नव्हे, त्यांनी स्वतःच घेतलेलं. अपघात झाला त्या दुपारी फोरमननं काकांना घाईच्या कामाला पलीकडच्या मशीनवर पाठवलं होतं. नऊबोटे एकटेच होते. काकांना लांबून त्यांचा हात वर दिसला. काका बघत राहिले, पण खूण काही उमगेना. उमगणार कशी? खूण करायला अंगठाच राहिला नव्हता. दवाखान्यातून आल्यावर नऊबोटे म्हणाले होते, "बरं झालं, आता कुणी मला अंगठेबहाद्दर म्हणणार नाही." सगळे हसले होते, काका सोडून.

तर त्या चौकटीत नऊबोटेंनी हात वर केला. चार बोटं, आणि शेजारी रिकामी जागा. आवाज तर बंदच होते.

मग त्या नव्या मुलीनं लिहिलं, 'माझं नाही.' मग आणखी कुणी. सगळे काही विरघळले नाहीत हं. दोघी-तिघींनी सरळ 'हो' लिहिलं, आणि त्यांचंही खोटं नव्हतं, घरी तान्ही पोरं होती. पण 'नाही'च जास्त झाले, आणि संध्याकाळच्या आत तसं उत्तर गेलं. दिवसपाळीचं वेगळं भांडू, हेही त्यात लिहिलं.

पण असा घोटाळा पुन्हा नको, म्हणून तिनं तिथंच नियम केला. ग्रुपवर अंगठा बंद. 'हो' किंवा 'नाही', अक्षरांत लिहायचं. जो अंगठा टाकेल त्याचा ॲडमिन पुसणार. पटतंय का? सगळ्यांनी 'हो' लिहिलं. काकांनीही एका बोटानं शोधत शोधत 'हो' लिहिलं, आणि मग बराच वेळ आपल्या हातांकडं बघत बसले.

सकाळी तिनं पुढच्या मीटिंगची वेळ टाकली. खाली 'हो', 'हो', 'हो'. आणि मधेच एक अंगठा.

नऊबोटेंचा.

तिनं फोन लावला. "काका, अहो, कालच ठरलं ना? आता काय थांबवायचंय?"

"काही नाही गं पोरी," नऊबोटे हसले. "सवय लागलीय. या फोनमध्ये आहे ना तो, म्हणून टाकतो आपला."

तिनं फोन ठेवला आणि ग्रुप मागं मागं सरकवत गेली. ग्रुप निघाल्यापासून प्रत्येक निरोपाखाली त्यांचा अंगठा होता. कुणाच्या वाढदिवसाखाली, पाळी बदलल्याच्या सूचनेखाली. काकू गेल्या, त्या बातमीखालीसुद्धा.

एवढ्यात पॅकिंगच्या एकीनं लिहिलं, 'ॲडमिन, नियम सगळ्यांना सारखा ना?' आणि ही त्याच दोघी-तिघींतली, काल 'हो' लिहून हरलेली.

सेक्रेटरीबाईंनी नऊबोटेंच्या अंगठ्यावर बोट दाबून धरलं. फोननं विचारलं, सगळ्यांसाठी पुसायचं का? तिनं मान वर करून बाबांकडं पाहिलं.

काका खिडकीपाशी उभे होते. तिच्याकडंच बघत होते. आणि दोन्ही हात खिशात. चुकूनसुद्धा काही खूण व्हायला नको म्हणून.

आता सांग. नियम तिचाच, सगळ्यांच्या 'हो'वर केलेला, आणि ती बाई तिकडं उत्तराची वाट बघतेय. तिच्या जागी तू काय केलं असतंस?