मावशीचा काढा

“चोर सोडून संन्याशाला फाशी देता तुम्ही! औषध कुठलं आणि विष कुठलं ते कळत नाही, आणि न्याय करायला बसता!”

अंबरीष हे फ्रिजला सुनावत होता. खरं तर ते बेसबॉल लीगच्या चौकशी समितीला सुनावायचं होतं, शनिवारी, जपानीतून. पण मराठीत एकदा तोंड सोडल्याशिवाय त्याला जपानीत साधा रागही यायचा नाही.

आठवडाभर कोबेच्या युनिव्हर्सिटीत औषधी वनस्पतींवर संशोधन करायचं आणि सुटीला इनोशिशींच्या स्टँडमध्ये ढोल बडवायचा, हे त्याचं आयुष्य. इनोशिशी म्हणजे रानडुकरं. कोबेच्या डोंगरातून ती रस्त्यावर उतरतात, म्हणून इथल्या छोट्या लीगमधल्या संघाचं नावही तेच. जावई क्रिकेट सोडून डुकरांच्या मागे लागलाय, असं सासुरवाडीत हसून सांगायचे.

या डुकरांचा राजा नागाता. चेंडू असा फेकायचा की समोरचा नुसता वारा घालायचा. २०११च्या त्सुनामीत त्याचं इशिनोमाकीचं घर वाहून गेलं, आई गेली. कोबेनं स्वतः भूकंप भोगलेला; कोबेनं पोराला पोटाशी घेतलं. आता तोच नागाता तपासणीत अडकला होता. लघवीत स्टेरॉइड सापडलं. तो एवढंच म्हणाला, “एका हितचिंतकानं दिलेली वनौषधी घेत होतो. त्यांचं नाव सांगणार नाही. चूक माझी.” आणि कॅमेऱ्यांसमोर कमरेत वाकला.

तो हितचिंतक फ्रिजसमोर उभा होता.

गावाला जाऊन आलं की चार माणसांना काहीतरी आणायचं, ओमियागे म्हणतात त्याला. दिवाळीत पुण्याहून येताना अंबरीषनं लॅबसाठी चिवडा आणला आणि नागाताच्या दुखऱ्या खांद्यासाठी सदाशिव पेठेतल्या वैद्यांचं चूर्ण. त्यातलंच चूर्ण तो स्वतःच्या गुडघ्यांसाठीही घ्यायचा.

“तपासलंस का ते?” मेधानं विचारलं. बायको दुधाचे रिकामे खोके धुऊन, कापून वाळत घालत होती. उद्या कागदाच्या कचऱ्याचा वार.

“त्यात काय तपासायचं? तीन पिढ्यांचे वैद्य आहेत ते.”

“तुझे गुडघे आठवड्यात पळायला लागले, तेव्हाच शंका यायला हवी होती. डॉक्टरेट काय चिवड्यावर मिळाली?”

“आपल्या वैद्यांवर संशय घेतेस?”

“आपल्या!” मेधानं खोका सिंकमध्ये आपटला. “आणि रामिरोची मावशी? ती कुणाची होती रे?”

अंबरीषनं फ्रिज उघडला आणि काही न काढता बंद केला.

रामिरो हा ओकायामाच्या संघातला डॉमिनिकन फलंदाज. नागाताला धुऊन काढायचा, म्हणून कोबेत कुणाला तो डोळ्यांसमोर नको असे. दोन वर्षांपूर्वी तो याच स्टेरॉइडमध्ये सापडला. “माझ्या मावशीनं मुळ्यांचा काढा पाठवला होता, तेवढाच घेतला,” असं म्हणत त्यानं काढ्याची बाटलीच समितीपुढे ठेवली. त्या दिवशी कोबेच्या फॅन क्लबात हसून हसून लोकांच्या डोळ्यांना पाणी आलं. क्लबचे प्रमुख मुराता-सान, बाजारात मासळीच्या वड्या विकतात. अंबरीषला ते सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणत. त्यांनी विचारलं, “सेन्सेई, तुम्ही यातले जाणकार. शक्य आहे का हे?”

“झाडपाल्यातून हे स्टेरॉइड येत नाही,” अंबरीष म्हणाला.

शास्त्र म्हणून चोख. पण काढ्यात कुणी गोळी कुटून घालू शकतं, विकणारे सर्रास घालतात, हेही त्याला ठाऊक होतं. ते त्यानं गिळलं. पुढच्या आठवड्यात त्याचं वाक्य वर्तमानपत्रात आलं, नाव आणि पदवीसकट. आणि बंदी येण्याआधीच्या रामिरोच्या शेवटच्या सामन्यात अंबरीषनं ढोलावर नवा ठेका धरला: “ओबासान नो ओचा! ओबासान नो ओचा!” मावशीचा काढा, मावशीचा काढा! अख्खा स्टँड ओरडायला लागला. समोरच्या बाजूला रामिरोची बायको तान्हं मूल मांडीवर घेऊन बसली होती. तिला जपानी येत नव्हतं. ठेका आवडला म्हणून तीही टाळ्या वाजवत होती.

त्या टाळ्या अंबरीषला दिसल्या होत्या. ढोल त्यानं थांबवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यानं चूर्ण लॅबमधल्या यंत्राला लावलं. आलेख वर चढला आणि नको तिथंच चढला. तेच स्टेरॉइड. तीन पिढ्यांच्या वैद्यांनी, नाहीतर त्यांना माल पुरवणाऱ्या कुणी, गोळ्या कुटून घातल्या होत्या. आणि पदवीवाल्या गाढवानं चिमूटभरही न तपासता ते चूर्ण स्वतः खाल्लं आणि दुसऱ्याला खाऊ घातलं होतं.

मुराता-सान मात्र फोनवर आनंदानं ओरडले. “म्हणजे नागाता-सान निर्दोष! शनिवारी हेच सांगा, सेन्सेई. त्या रामिरोचा विषय नको. लोकांचा गोंधळ होतो.”

नागाताला मानाचं ‘सान’, आणि रामिरो नुसता रामिरो. अंबरीषला ते आज पहिल्यांदा ऐकू आलं. तोही दोन वर्षं तसंच म्हणत होता.

शनिवारी समितीतले तिघं टेबलामागे बसले होते, प्रत्येकापुढे चहाची बाटली. अंबरीषनं डबा ठेवला, आलेख ठेवला. “चूर्ण मी दिलं. न तपासता दिलं.” आणि तो वाकला. अध्यक्षांनी मान डोलावली. असं असेल तर शिक्षा सौम्य करता येईल, म्हणाले. मागच्या खुर्चीत मुराता-सान नाक पुसायला लागले. इथं गप्प बसला असता तर संध्याकाळी स्टँडनं त्याला खांद्यावर घेतलं असतं.

“अजून एक,” अंबरीष म्हणाला. “रामिरो-सानचा काढा तपासा.”

मुराता-सानांचं नाक पुसणं थांबलं.

“ते प्रकरण मिटलं आहे,” अध्यक्ष अगदी मृदू आवाजात म्हणाले. “शिवाय तेव्हा आम्ही तज्ज्ञांचं मत विचारात घेतलं होतं. वर्तमानपत्रात आलेलं. झाडपाल्यातून हे स्टेरॉइड येत नाही. हे वाक्य तुमचंच ना, अंबरीष-सान?”

फ्रिजपुढे घोकलेलं सगळं त्याच्यावरच उलटलं. संन्याशाची फाशी! दोर तर त्यानंच वळून दिला होता.

“माझंच,” तो म्हणाला. “अर्धं सांगितलं, अर्धं गिळलं. तो समोरच्या संघाचा होता, आणि मला जिंकायचं होतं. त्याच्या बायकोसमोर मी ढोल वाजवला. याची शिक्षा काय असेल ती मला द्या.”

“तशी काही तरतूद नाही,” अध्यक्ष म्हणाले.

“सेन्सेई, पुरे,” मुराता-सानांनी मागून बाही ओढली. अंबरीषनं ती सोडवली.

“मी फॅन होतो. आंधळाच असणार. पण तुमच्या हातात ढोल नव्हता. तुमच्या हातात बाटली होती, याच टेबलावर ठेवलेली. त्या माणसानं स्वतः आणून दिली होती. ती न उघडता तुम्ही माझं वाक्य उचललंत.”

अध्यक्षांनी चहाच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं.

“ती बाटली का उघडली नाहीत? उत्तर द्या.”