बायको पळाली

आमच्या गावात 'बायको पळाली' हे वाक्य वर्षानुवर्षं रोज सकाळी बोललं जायचं आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. कारण माझी बायको खरंच पळायची. बूट घालून, केस वर बांधून. दूधवाला फाटकातून ओरडायचा, "काय हो, वहिनी पळाल्या का?" मी गॅसवर चहा ठेवता ठेवता म्हणायचो, "पळाली. भूक लागली की येईल परत." हा आमचा विनोद. शिळा होता, पण पचायचा.

गावाच्या टोकाला आमचा लॉज आहे, चार खोल्यांचा. शहरातली माणसं इथं पळायला येतात. हसू नका, खरंच येतात. सुट्टी काढून, सामान बांधून, दमायला येतात! आजूबाजूला पळायच्या तीन वाटा आहेत, तिन्ही बायकोनंच शोधलेल्या. एक कालव्याच्या कडेनं जाते, एक टेकडीवरून, आणि एक तळ्याला वळसा घालून फळबागांमधून परत येते. तळ्याची सगळ्यात सुंदर, असं पाहुणे म्हणतात. मी म्हणायचो, दुरून डोंगर साजरे. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मी त्या तिन्ही वाटा घडाघडा सांगायचो. कुठं चढ लागतो, कुठं चिखल असतो, कुठं मेंढपाळाचं कुत्रं अंगावर येतं. पाऊल मात्र एकीवरही टाकलेलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं? उंट लागतो, बास.

तर ज्या दिवशी ती खरोखरची पळाली, त्या दिवशीही दूधवाला फाटकातून ओरडला आणि मी तेच उत्तर दिलं. न्याहारीला ती आली नाही. पाहुण्यांनी विचारलं तर म्हटलं, आज लांबचा पल्ला दिसतोय. किराणावाल्याला तेच सांगितलं, पोस्टमनला तेच. दुपारी तिचा फोन आला.

"मी पळाले," ती म्हणाली.

"आज किती?" मी विचारलं.

ती म्हणाली, "एकशेवीस किलोमीटर. बसनं."

मी हसलो. हो, हसलो. वर म्हटलं, "बरं, येताना अंडी आण, संपलीत."

"मी ताईकडे आलेय. परत येणार नाहीये," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मी पातेलं घासत होतो. ते घासून पालथं घातलं आणि पुढचं घेतलं.

तेव्हापासून मला काही वाटत नाही. म्हणजे वाईट वाटत नाही, रागही येत नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तरी मला कळत नाही, पाहुण्यांना कळतं. आई आमच्याकडेच असते. गुडघे गेलेत, आवाज शाबूत आहे. ती म्हणाली, "अरे, रड तरी! नाहीतर चिड. हे काय दगडासारखं?"

"वाटतच नाही तर काय करू? शेजारून उसनं आणू?" मी म्हणालो.

दूधवाला आता फाटकाशी गुपचूप दूध ठेवून निघून जातो. बिचाऱ्याची पंचाईत झालीय. दुसरा विनोद त्याला येत नाही.

मग मेव्हणीचा, म्हणजे तिच्या ताईचा, फोन आला. "रविवारी ती कपडे न्यायला येतेय. तिला थांबवायचं असेल तर तेव्हाच काय ते बोल. नंतर माझ्या नावानं खडे फोडू नकोस."

"काय बोलू?"

"ते पण मीच सांगू? ती का गेली हे ठाऊक असेल तर बोल. नसेल तर तोंड उघडू नकोस, आणखी चिघळेल."

मला ठाऊक नव्हतं. कितीही डोकं खाजवलं तरी कारण सापडेना. मी पीत नाही, हात उगारत नाही, स्वयंपाक तर मीच करतो. बाकीचं तेवढं ती बघायची. खोल्या, चादरी, आईचं औषधपाणी, किल्ल्या, पाहुण्यांच्या तक्रारी. त्यात काय एवढं, असं मला वाटायचं. आणि ती गेली तरी मी झोपायचो लाकडाच्या ओंडक्यासारखा, सकाळी उठून चहा ठेवायचो, एक कप जास्तीचा, आणि तो ओतून द्यायचो.

शुक्रवारी पाहुण्यांचं एक टोळकं आलं. त्यांच्यातली दातांची डॉक्टरीण म्हणाली, "तळ्याची वाट दाखवायला कोण येतंय?" कोण येणार? मीच निघालो. धाकट्या भावाचे जुने बूट चढवले आणि त्यांच्या पुढं पळायला लागलो. थोड्याच वेळात मागं पळायला लागलो. नाकी नऊ आले. छातीत भाता, पायात शिसं. डॉक्टरीण मागं वळून म्हणाली, "दमानं या हो!" मी हात हलवला. बोलायला हवा कुठं होती?

वाट सुंदर आहे, हे कबूल करायला हवं. तळ्यावर पातळ धुकं होतं, लव्हाळ्यांत बगळे उभे होते, पलीकडच्या बागांमध्ये झाडांच्या रांगा लागल्या होत्या. मला हे सगळं दिसत होतं. पण दिसत होतं तेवढंच. कुणा परक्याच्या घरातलं कॅलेंडर बघावं तसं मी ते बघितलं.

अर्ध्या वाटेवर तळ्यातून कालव्यात पाणी सोडायचं गेट आहे. तिथं मी बसलोच. पाहुणे पुढं गेले. गेट सांभाळणारे काका खोलीतून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले.

"वहिनी बऱ्या आहेत ना? बरेच दिवस दिसल्या नाहीत," ते म्हणाले.

"हल्ली दुसरीकडे पळते," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

"पळतात?" काकांनी भुवया वर केल्या. "सुरुवातीला पळायच्या खऱ्या. नंतर इथंच यायच्या अन् त्या पायरीवर बसायच्या. ऊन वर आलं की उठायच्या, तोंडावर, मानेवर पाणी मारायच्या अन् घराकडं निघायच्या. मी एकदा विचारलं, वहिनी, हे काय? तर म्हणाल्या, काका, घाम आल्यासारखं दिसायला नको का?"

काका हसले. मीही हसलो, सवयीनं.

इतकी वर्षं तिनं मला ताकास तूर लागू दिली नव्हती. आणि मी पाहुण्यांसमोर छाती फुगवून सांगायचो, आमची बायको हरणासारखी पळते! मी उठून त्या पायरीवर बसून बघितलं. म्हटलं, आता तरी काहीतरी वाटेल. नाही वाटलं. ढुंगण गार पडलं, तेवढंच.

रविवारी ती आली. कपडे भरून झाले, बॅग लहानशीच होती. मी चहा केला आणि आम्ही अंगणातल्या बाकावर बसलो. बोलायचं असेल तर आत्ताच, हे दोघांनाही माहीत होतं.

"तळ्यावर गेलो होतो," मी म्हटलं. "गेटवाले काका भेटले. त्यांनी सांगितलं."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "तू गेलास? पळत?"

"अर्ध्यापर्यंत. मेलो असतो." मग विचारलं, "तिथं बसून काय करायचीस?"

"काही नाही," ती म्हणाली. "तिथं कुणाची हाक ऐकू यायची नाही. टॉवेल कुठाय, किल्ली कुठाय, आईंची गोळी दिलीस का. नुसतं बसायला म्हणून घरातून बाहेर पडले असते तर तुम्ही सगळ्यांनीच विचारलं असतंत, कुठं चाललीस? पळायला निघालेल्या बाईला कुणी काही विचारत नाही."

"मग मला सांगायचंस ना."

"सांगितलं होतं. तू म्हणालास, सकाळी पळायला मिळतं की तुला."

असं मी म्हणालो असणार. मला आठवत नव्हतं, पण वाक्य माझंच होतं.

"आता तसं नाही होणार," मी म्हटलं. "मी बघेन सगळं. थांब तू." माझा आवाज भाजीचा भाव सांगितल्यासारखा कोरडा होता, मलाच ऐकू येत होतं. पण मी खोटं बोलत नव्हतो.

बॅगेच्या पट्ट्यावरचा तिचा हात सैल झाला.

"खरंच बघशील?"

"खरंच."

तेवढ्यात आतून आई ओरडली, "अगं, माझी गोळी कुठं ठेवलीय?"

"आले, आले," म्हणत ती उठली आणि दारापर्यंत गेलीसुद्धा. मी कप उचलला आणि चहाचा घोट घेतला.

मग ती उंबऱ्याशी थबकली. वळून तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या कपाकडं बघितलं. आत जाऊन तिनं आईला गोळी दिली, पाणी दिलं, बाहेर आली आणि बॅग उचलून फाटकाबाहेर पडली.

घोट तोंडातच होता. आणि तेव्हा मला वाटलं. इतके दिवस जे वाटत नव्हतं ते सगळं एकदम वाटलं. कप बाकावर ठेवून मी उठलो. फाटकाशी पोचलो तर ती रस्त्याच्या वळणाशी होती, अजून दिसत होती. हाक मारायला मी तोंड उघडलं. मग मिटलं. हाक तिला नको होती, एवढं तरी मला आता कळलं होतं.