मनोऱ्याचे सांधे

मनोरा उतरवायचा असं इंजिनिअर बाईंनी जाहीर केलं, तेव्हा चर्चच्या बाकांवरच्या सत्तर-ऐंशी माणसांत एकटे माझे बाबा हसले. त्याचे सांधे चाळीस वर्षांपूर्वी मी भरलेत, असं ते शेजारच्याला सांगत होते, तेही साऱ्या सभेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मी मान खाली घालून बसलो.

बाबा गवंडी, मीही गवंडी. हे चर्च पावणेतीनशे वर्षांचं. मनोरा त्याला ऐंशी वर्षांनी चढवला, कारण आधीच्यांचा दम कमानींतच संपला होता. पुढे दोनदा आग लागली, एकदा अख्खं छप्पर आत आलं, पण मनोऱ्याच्या केसालाही धक्का लागला नाही. दगड मऊ, पण चुन्यात बसवलेला. भिंतीत शिरलेलं पाणी चुन्यातून बाहेर पडायचं. चुना झिजायचा, पन्नास-साठ वर्षांनी नवा भरायचा, आणि दगड वाचायचा.

बाबांनी तो चुना खरवडला आणि सिमेंट भरलं. तेव्हा सगळेच भरत होते. सिमेंट म्हणजे कायमचं काम. यांचा दात दुखला तरी सिमेंट भरतील, असं आई म्हणायची. पाण्याची वाट बंद झाली, ते दगडातच मुरलं आणि दगड सडत गेला. मागच्या महिन्यात त्यातला एक सुटला तो थेट खाली झाडत असलेल्या घंटावाल्याच्या डोक्यात. बाबांचा तो पत्त्यांतला जोडीदार. जागच्या जागी गेला.

फादरनी मला बाजूला घेऊन सांगितलं की अहवालात कारण म्हणून मनोऱ्याचं वय आणि हवामान लिहू, सत्त्याहत्तरीच्या माणसाला आता कशाला दुखवायचं. माझा जीव भांड्यात पडला. मी काही शूर नाही. पण बाईंनी विचारलं, याच हातांनी आणखी कुठे असं काम केलंय का. मी कामाला लागायच्या आधीची यादी फक्त बाबांच्या डोक्यात होती, आणि त्या भिंतींखाली आजही माणसं बसत होती.

सोमवारी सकाळी मी बाबांना परांचीवर चढवलं. गुडघे कुरकुरत होते, पण तोंड चालू होतं. वर पोचल्यावर त्यांनी भिंतीवर हात ठेवला. दगड चार बोटं आत गेला होता आणि सिमेंटचे सांधे तेवढे बाहेर उभे होते, मध काढून घेतलेल्या पोळ्यासारखे. बाबांनी एका सांध्यावरून अंगठा फिरवला.

"बघ, एकही हललेला नाही."

मला त्यांचा राग आला, आणि राग आला म्हणूनच बोलता आलं.

"बाबा, सांधा हलला नाही म्हणूनच दगड गेला."

मग पाणी कुठून शिरतं, कुठे अडतं, ते सगळं मी त्यांना समजावलं, त्यांनी मला थापी धरायला शिकवली होती तितक्याच सावकाश. त्यांनी नखानं दगड खरवडला, तशी भुकटी त्यांच्या मनगटावर सांडली.

"म्हणजे तो माझ्यामुळे मेला?"

फादरचे शब्द माझ्या ओठांवर तयार होते. मी हो म्हणालो.

बाबा फळीवरच बसले. मला वाटलं, आता यांना खाली कसं न्यायचं. थोड्या वेळानं बाईंचा प्रश्न मी त्यांच्या कानावर घातला. मग त्यांनी करंगळी मुडपली. मुलींची शाळा. कालव्याचा पूल. टेकडीवरचं चॅपल. जुनं इस्पितळ, बाळंतिणींची बाजू. एकेका नावाला ते थांबत होते, चुकू नये म्हणून.

दोन्ही हातांची बोटं संपली. तेव्हा त्यांनी माझा हात स्वतःकडे ओढून घेतला आणि माझी करंगळी मुडपली.

"इथून पुढची आपण दोघांनी केलेली," ते म्हणाले.