मोठ्या सरकारांचं तोंड

देवानं शिंप्याला हात सोन्यासारखे दिले आणि तोंड दिलं ते नको त्या माणसाचं. हुबेहूब मोठ्या सरकारांचं! तीच रुंद हनुवटी, त्याच जाड भुवया, तीच मिशी. ज्यांचा फोटो प्रत्येक कचेरीत नि दवाखान्यात टांगलेला, त्यांचं तोंड घेऊन हा बापडा गल्लीच्या कोपऱ्यावर लोकांच्या पँटी आखूड करत बसायचा. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, "काय सरकार, कोट कधी मिळणार?" बायको त्यांच्या वरताण. "अहो, ती मिशी तेवढी काढा. उद्या कुणी सलाम ठोकला तर चहा पाजावा लागेल." त्यानं ऐकायला हवं होतं. पण बायकोचं वेळेवर ऐकलं असतं तर नवरे कशाला म्हणायचं!

एक दिवस दुकानासमोर मोटार थांबली. मापं घ्यायची आहेत, चला म्हणाले. गेला तो गेलाच.

सरकारांच्या बंगल्यावर त्याला कर्नल भेटला. हा माणूस कधी आवाज चढवायचा नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटायची. "सरकारांची तब्येत नरम आहे," तो चष्मा पुसत म्हणाला. "लोकांना मात्र ते दिसले पाहिजेत. तू दिसायचंस. ते बरे झाले की तू घरी. बायकोला निरोप गेलाय, सरकारी कामावर बाहेरगावी आहेस म्हणून." चष्मा डोळ्यांवर चढवून त्यानं पुढचं सांगितलं, "आणि हे ज्याला कळेल, त्याला आम्ही ठेवणार नाही. आई असो, बायको असो."

शिंप्याला जेवताना घास उतरेना, झोपेत दचकून उठे. पण करतो काय? आलिया भोगासी असावे सादर. तो छाती काढून चालायला शिकला, तुसडं बोलायला शिकला. उद्घाटनांच्या फिती कापताना तेवढी कात्री अशी सुरेख सरळ जायची की कर्नल दातओठ खायचा. "सरकार वेडंवाकडं कापतात, गाढवा!" मग शिंपी जीव मुठीत धरून वेडंवाकडं कापायचा.

आणि अशात नेमकी लष्करी गणवेशांच्या कारखान्याची भेट आली.

लांबच लांब खोली, शिलाई मशिनांच्या रांगा, तेलाचा नि नव्या कापडाचा वास. त्या वासानंच शिंप्याला गलबलून आलं. बायका माना खाली घालून शिवत होत्या. तो मधून चालला होता, मागं कर्नल, त्याच्या मागं शिपाई. आणि खिडकीजवळच्या मशीनवर त्याला ती दिसली. त्याची बायको. घर चालवायला इथं कामाला लागली होती बिचारी.

बघू नकोस गं बाई, वर बघू नकोस, असा मनातल्या मनात धावा करत तो पुढं सरकला. सगळ्या बघतात तसं तिनं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. फोटोतले सरकार आले होते, तिला काय त्याचं! शिंप्यानं श्वास सोडला.

तेवढ्यात मुकादमानं घात केला. तयार कोट पुढं करून म्हणाला, "सरकारांनी नजरेखालून घालावा."

आता कोट हातात आला की जग तो बाहेरून बघतं. शिंपी आतून बघतो. याच्या हातांनी याला विचारलंसुद्धा नाही. कोट उलटा झाला, बाही आतून बाहेर आली, काखेतली शिवण दोन्ही अंगठ्यांत ताणली गेली आणि नख टाक्यावरून सर्रकन फिरलं. मग त्याच्या ध्यानात आलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

खिडकीजवळचं मशीन थांबलं. ती टक लावून त्याच्या हातांकडे बघत होती, चेहरा पांढराफटक. ते हात तिनं उभा जन्म पाहिले होते.

"काय गं, काय बघतेस?" कर्नल हळू आवाजात म्हणाला.

शेजारच्या मशीनवरच्या बोलघेवडीला राहवलं नाही. "अहो साहेब, हिचा नवरा अगदी सरकारांसारखा दिसायचा! तोही शिंपीच!"

कर्नल चष्मा काढून पुसू लागला. शिंप्याला ते पुसणं ठाऊक होतं. संपलं, आता हिला नेतील.

आणि ती हसली. कमरेवर हात ठेवून, गल्लीत भांडायची तशी उभी राहिली. "कुठं सरकार आणि कुठं तो मुडदा! सरकारी काम म्हणे. कसलं काम नि कसलं काय! कुण्या सटवीचा हात धरून पळालाय मेला. आणि शिंपी कसला, त्याला सरळ टीप मारता येत नव्हती. सरकारांनी शिवण पाहिली ना, तशी त्यानं जन्मात पाहिली नाही. माझ्या सासूला विचारा, तीसुद्धा रोज बोटं मोडते त्याच्या नावानं."

बायका फिदीफिदी हसल्या. मुकादम हसला, शिपाई हसले. कर्नलही हसला, पण डोळे शिंप्यावर ठेवून. "सरकारांनी या बाईला दोन शब्द सांगावेत," तो म्हणाला.

आवाज कापला असता तर दोघंही संपली असती. शिंप्यानं हनुवटी वर केली आणि सरकारांच्या तुसड्या आवाजात म्हणाला, "असला नवरा परत आला, तर दार उघडू नकोस."

तिनं पहिल्यांदाच सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "नाही उघडणार, सरकार," ती म्हणाली, आणि बसून शिवायला लागली.

मोटारीत कर्नलनं त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. "शाब्बास. झालं, आता तुझी वाट बघणारंही कुणी नाही. इथंच राहा कायमचा."

शिंप्याची बायको वाचली होती. आणि ती शब्दाची किती पक्की, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.