शंभर टक्के पास, घरचे वगळून

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर ‘शंभर टक्के पास’ असं लिहिलंय, आणि ते खोटं नव्हतं. क्लचला घंटी समजणारा न्हावी पास झाला. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या निवृत्त बाई पास झाल्या. रस्ता ओलांडताना स्वतःच्याच सावलीला दचकणारा कारकूनही पास झाला. राहता राहिली गुरुजींची एकुलती एक लेक, म्हणजे मी.

गुरुजी म्हणजे माझे बाबा. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं, रागावली की आईसुद्धा.

अठरावं सरता सरता मला नर्सिंगच्या कॉलेजात जागा मिळाली, आठ तासांवरच्या शहरात. पाच महिन्यांत हजर व्हायचं होतं, नाही तर जागा दुसरीला. बाबांनी अट घातली, “आधी लायसन. जिला गाडी आवरत नाही, ती परमुलखात स्वतःला काय आवरणार?”

इंजेक्शन टोचायला गियर कुठला टाकतात, हे मी विचारलं नाही. वडीलधाऱ्यांच्या शहाणपणाला शंका काढू नये, दुखतं त्यांना.

मग रोज पहाटे बाबा शेजारी आणि मी चाकाशी. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी असल्याने त्यांच्या पायाशीही एक ब्रेक होता. “मी आहे ना,” ते म्हणायचे. मी ब्रेकला बोट लावावं तसा पाय लावायचे आणि गाडी कशी, सायीवर चमचा थांबावा तशी थांबायची. “पाय बघा पोरीचा!” बाबा मागच्या सीटवरच्या न्हाव्याला सांगायचे. “फुलासारखा. देणगी असते ही, शिकवून येत नाही.”

परीक्षेच्या दिवशी ती देणगी सिमेंट भरलेल्या पिंपावर जाऊन आदळली.

झालं एवढंच, की शेजारी बाबा नव्हते, परीक्षा घेणारे साहेब होते. नियमाप्रमाणे त्यांनी पाय मागे घेतले होते. थांबायची पांढरी रेघ आली, मी फुलासारखा पाय टेकवला आणि गाडी थांबण्याची वाट पाहत बसले. गाडीला कोणी सांगितलंच नव्हतं. साहेबांनी चष्मा शोधला, घातला आणि कागदावर लिहिलं : ब्रेकचा अंदाज नाही.

“पिंप सरकवलं असणार त्या लोकांनी,” बाबा घरी म्हणाले.

“हो ना,” आई म्हणाली, “पिंपांना चालायची हौसच फार.”

पुढची तारीख दहा दिवसांवर होती, कॉलेजची मुदत बारा. दुसऱ्या दिवशी पहाटे आई न सांगता मागे येऊन बसली. आयुष्यात तिने गाडी चालवली नव्हती, पण तीस वर्षं शिवणयंत्र चालवलं होतं. पाय काय करतो, हे तिला दिसतं. पहिला चौक गेला, दुसरा गेला, तिसऱ्याला ती म्हणाली, “अहो, बूट काढा.”

“कशाला?”

“काढा म्हणते ना.”

दोन्ही बूट तिने उलटे धरले. डाव्याचा तळ दुकानातून आणल्यासारखा. उजव्याचा इतका झिजलेला की आतलं अस्तर दिसत होतं.

“मी पाय हलवतच नाही,” बाबा म्हणाले.

“नाही कसं! पोरीच्या आधी तुमचा पाय पोचतो. चौकात तुम्ही थांबता, वळणावर तुम्ही थांबता. ती बिचारी नुसती चाक धरून फिरायला येते.”

मला हसू आलं, मग आलं नाही. चार महिने मी गाडी थांबवलीच नव्हती.

त्या दिवसापासून गुरुजी सीटवर मांडी घालून बसायला लागले, पायाचे अंगठे हातात धरून. गावातल्या रस्त्यांनी असा योगाभ्यास पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी मी ब्रेक एवढा जोरात दाबला की बाबांचं कपाळ डॅशबोर्डला लागलं. दुसऱ्या दिवशी बाजाराच्या उतारावर हातगाडी आडवी आली. बाबांचे डोळे मिटलेले, अंगठे पांढरे पडलेले. मी थांबवली. हातगाडीवाल्याने शिव्या दिल्या, त्या मला फार गोड लागल्या.

दहाव्या दिवशी रेघेच्या अलीकडे हातभर गाडी उभी राहिली. साहेबांनी शिक्का मारला. मी खाली उतरले, तोवर बाबा खिडकीशी पोचले होते.

“साहेब, मागे घेताना जरा वाकडी गेली नाही?”

“नाही.”

“चढावर घसरली असेल वीतभर?”

“नाही हो.”

“घाई नको. हवं तर पुन्हा घ्या परीक्षा पुढच्या महिन्यात. माझी काही हरकत नाही.”

साहेबांनी चष्मा काढला. “गुरुजी, इतकी वर्षं ‘पास करा’ म्हणून माझा जीव खाल्लात. नापास करा म्हणून आलेला बाप आज पहिल्यांदा बघतोय.”

माझ्या हातातला कागद बाबांनी घेतला, उलटसुलट पाहिला, चूक सापडली नाही.

“कॉलेजला जायची गाडी कधीची तुझी?”

“परवा सकाळची.”

“म्हणजे उद्याचा दिवस आहे,” ते म्हणाले. मग तिथेच ऑफिसच्या पायरीवर बसून त्यांनी एकेका विद्यार्थ्याला फोन लावला आणि सांगितलं, उद्या यायचं नाही, गाडी बिघडली आहे.