भिंत आहे ना

मी एक जुनी भिंत आहे, आणि मला एका खड्ड्याचा हेवा वाटतो. हसलात ना? हसा. दीड पुरुष उंच, चारशे पावलं लांब, अंगभर काळा दगड, आणि जळते कोणावर, तर जमिनीतल्या एका रिकाम्या जागेवर! पण मित्रांनो, हेवा वाटायला समोरचा आपल्याहून मोठा असावा लागत नाही. आपलं माणूस त्याच्याकडे गेलं की तेवढं पुरतं.

नदी आणि गल्ली यांच्यामध्ये मी उभी आहे. मी नव्हते तेव्हा दर दोन-चार वर्षांनी नदी सरळ घरात शिरायची आणि जाताना भांड्याकुंड्यांत गाळ ठेवून जायची. म्हणून लोकांनी मला बांधायचं ठरवलं. ज्याने बांधलं तो गवंडी तेव्हा ऐन उमेदीत होता. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं, आणि बायको त्याच्या हाताखाली माल कालवायला यायची. एकेक दगड तो तीन-तीनदा फिरवून बघायचा, त्याचं तोंड कुठे आहे ते ठरवायचा, मगच बसवायचा. ओळंबा सोडून एक डोळा मिटून माझ्याकडे बघायचा. माझ्याकडे तसं पुन्हा कोणी बघितलं नाही.

शेवटच्या दिवशी त्याची बायको पुढे झाली आणि तिने ओल्या सिमेंटमध्ये आपला पंजा उमटवला.

"अगं, काय करतेस? काम बिघडेल," गवंडी म्हणाला.

"बिघडू द्या. सही केली मी. निम्मी भिंत माझी आहे," ती म्हणाली.

तो पंजा अजून माझ्या अंगावर आहे, त्यांच्याच घराच्या खिडकीसमोर. त्यांचं घर मला सगळ्यात जवळचं.

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गवंडी यायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांच्या पेरांनी मला ठोकत जायचा. दगड घट्ट असला तर खणखणीत आवाज येतो, आतून सुटला असला तर बद्द. जिथे बद्द वाजेल तिथे तो खडूने फुली मारायचा आणि दुसऱ्या दिवशी थापी घेऊन दगडांमधली दरज भरायचा. याला तो 'भिंतीला विचारणं' म्हणायचा. शिंपी आपल्या दुकानाच्या पायरीवरून त्याची थट्टा करायचा, "काय, सासुरवाडीचं दार उघडत नाही वाटतं?" गवंडी हसायचा आणि पुढचा दगड ठोकायचा. वर्षातला तो एक दिवस माझा असायचा.

माझ्या उमेदीच्या काळात नदी सहा वेळा चढली आणि सहाही वेळा माझ्या पायाशी डोकं आपटून परत गेली. लोक माझ्यावर हात ठेवून कौतुकाचे चार शब्द बोलत. मग हळूहळू बोलेनासे झाले, कारण त्यांना माझी सवय झाली. घराघरांत एकच वाक्य ऐकू यायला लागलं. कोणी म्हणालं, गहू वरच्या मजल्यावर ठेवा, की उत्तर यायचं, "कशाला? भिंत आहे ना." शिंप्याने कापडाचे गठ्ठे माळ्यावरून खाली आणले. छापखान्यातला कागद जमिनीवर आला. गवंड्याच्या बायकोला संधिवाताने जिना चढवेना, तेव्हा तिची खाट खालच्या खोलीत, खिडकीशी लावली. भिंत आहे ना! ते ऐकून माझी छाती अशी फुगायची की सांगता सोय नाही. त्या वाक्यात काही खोट आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. त्यांच्याही आलं नाही.

मग सातवा पूर आला. नदी माझ्या खांद्यापर्यंत चढली. मी तिचा एक थेंब आत येऊ दिला नाही, हे आजही छातीवर हात ठेवून सांगते. पण त्याच वेळी गल्लीवरही पाऊस कोसळत होता. ते पाणी एरवी गटारांतून नदीत जायचं. गटारांची तोंडं वाढत्या नदीने बुजली आणि वरून जावं तर मी आडवी. पाणी गल्लीतच साचत गेलं, घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं. सगळे जण डोळे लावून नदीकडे बघत होते आणि पाणी त्यांच्या पाठीमागून घरात शिरलं. गवंड्याच्या बायकोच्या खाटेला पाणी लागलं तेव्हा शेजाऱ्यांनी दाराची फळी काढली आणि तिच्यावर झोपवून तिला बाहेर आणलं. ती माझ्यासमोरून गेली. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी नदी उतरली, पण गटारं गाळाने भरलेली होती आणि गल्लीतलं पाणी मी अडवून धरलं होतं. तेव्हा गवंडी पहार घेऊन आला. ज्या हातांनी मला उभं केलं त्याच हातांनी त्याने माझ्या कमरेत घाव घातले. तो रडत होता की पावसाचं पाणी होतं ते मला कळलं नाही. दुपारपर्यंत भोक पडलं आणि त्यातून गल्लीतलं पाणी धो धो नदीत गेलं.

नंतर शाळेत बैठक झाली. शाळा माझ्या अगदी पाठीशी आहे, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला. भूगोलाच्या बाई उभ्या राहिल्या. बाई लहानखुऱ्या, पण आवाज असा की वर्गातला शेवटचा बाकसुद्धा सरळ बसतो.

"इतकी वर्षं आपण पाण्याला 'येऊ नकोस' म्हणत आलो," बाई म्हणाल्या. "आता 'ये, इथे बस, मग जा' असं म्हणून बघू. शाळेचं मैदान चार फूट खाली घेऊ. भोवती पायऱ्या करू. वर्षभर पोरं खेळतील. मोठा पाऊस आला की गल्लीतलं पाणी तिथे उतरेल आणि नदी ओसरली की निघून जाईल."

"म्हणजे पूर येऊ नये म्हणून आपणच तळं करायचं?" शिंप्याने विचारलं. सगळे हसले. मीही हसले. मग गवंडी उठला.

"बाई म्हणतात ते बरोबर आहे," तो म्हणाला. "मी खणतो."

मित्रांनो, त्या क्षणापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते वर्षानुवर्षं थांबलं नाही.

सारी गल्ली खणायला लागली. छतांच्या पन्हळींखाली पिंपं आली. अंगणातल्या फरश्या उखडून लोकांनी माती मोकळी केली आणि झाडं लावली. संकटात कोणाला आधी उचलायचं आणि कोणी उचलायचं याची यादी झाली. मला मात्र एवढंच दिसत होतं, की माझा गवंडी माझ्याकडे पाठ करून बसला आहे आणि त्या खड्ड्याच्या पायरीवर ओळंबा सोडून एक डोळा मिटतो आहे. लोक त्याला मैदान म्हणत. मी खड्डा म्हणे. जमिनीचं नसणं म्हणजे खड्डा. त्याने काय केलं होतं? त्याने एक दगडसुद्धा धरून ठेवला नव्हता!

वर कळस म्हणजे, माझ्या कमरेतल्या भोकातून खड्ड्याचं पाणी जायचा मोठा नळ घातला. नळाच्या नदीकडच्या तोंडावर लोखंडी झडप टांगली. आतलं पाणी ढकलेल तेव्हा ती उघडते आणि नदी ढकलेल तेव्हा मिटते. आतल्या बाजूला आणखी एक पोलादी फळी, चाक फिरवून खाली सोडायची. पण ते चाक कोणी फिरवायचंच नाही, कारण झडप आपली आपण मिटते. म्हणजे खड्ड्याने खायचं-प्यायचं आणि त्याची मोरी मी व्हायचं. अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

काम संपलं त्या दिवशी गवंड्याने सगळ्यात वरच्या, शेवटच्या पायरीवर ओलं सिमेंट पसरलं आणि शाळेतल्या सगळ्या मुलांना सांगितलं, "या, पंजे उमटवा." साठ-सत्तर पंजे उमटले. माझ्या अंगावर एकच होता. त्या पावसाळ्याआधी गवंडी मला ठोकायला आला नाही. पुढल्या वर्षीही नाही. माझे दोन दगड सुटले होते. मी वाट बघत राहिले.

खरं सांगते, खड्डा चांगला वागत होता. दोन पावसाळे त्याने निमूटपणे पाणी पोटात घेतलं आणि नदी उतरल्यावर सोडून दिलं. मला त्याच्यात खोट हवी होती आणि ती सापडत नव्हती.

तिसऱ्या पावसाळ्यात आठवा पूर आला. सकाळपासून नदी चढत होती. दुपारी वाहत आलेली एक तुटकी फळी माझ्या झडपेच्या फटीत येऊन अडकली. झडप मिटेना. नदीचं पाणी नळातून, माझ्या पोटातून, सरळ खड्ड्यात जाऊ लागलं. वरून पाऊस, खालून नदी. हे फक्त मला ठाऊक होतं.

आणि मित्रांनो, मला बरं वाटलं.

लपवून काय करू? मी मनात म्हटलं, भरू दे. काठोकाठ भरू दे, गल्लीत सांडू दे. मग कळेल सगळ्यांना, खड्डा तो खड्डाच. पाणी एकेक पायरी चढत होतं. काठावर बाई उभ्या होत्या. "पाऊस मोठा आहे, पण मैदान घेईल," त्या म्हणत होत्या. पाऊस नव्हे, नदी आत येते आहे, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. मी मजा बघत होते. आठ पायऱ्यांपैकी पाच बुडाल्या.

तेवढ्यात समोरच्या खिडकीतून आवाज आला. गवंड्याची बायको खाटेवर बसली होती. तिला न्यायला यादीतले दोघे दारात उभे होते आणि ती त्यांना थांबवून नवऱ्याला विचारत होती.

"अहो, यंदा भिंतीला विचारलंत का?"

"आता काय विचारायचंय तिला? मैदान आहे ना," गवंडी म्हणाला.

"मी इथून तिच्याकडेच बघत असते दिवसभर. सही केलीय मी तिच्यावर. तुम्ही विचारून या, मग मी उठते."

तिच्या तोंडून ते ऐकलं आणि माझा सगळा जळफळाट खाली बसला. माझ्या डोळ्यांसमोर आली ती दाराची फळी आणि तिच्यावरची ती. खड्डा सांडला तर पहिलं घर तिचंच होतं.

गवंडी पावसात धावत आला. म्हातारा झाला होता. त्याने मला पेरांनी ठोकलं, एकदा, दोनदा. नळाजवळ आला आणि थांबला. झडप मिटलेली असती तर तिथे सामसूम असायला हवी होती. त्याने माझ्या दगडाला कान लावला.

इथे मी बढाई मारू शकते, की मी त्याला सावध केलं. तसं काही नाही. तासाभरापूर्वी तो आला असता आणि मला खोटं बोलता आलं असतं, तर मी बोलले असते. पण भिंतीला खोटं बोलता येत नाही. आत जे असेल तेच वाजतं. माझ्या पोटात पाणी खळखळत होतं आणि त्याने ते ऐकलं.

"बाई, झडप उघडी आहे," तो ओरडला. "नदी आत येतेय. चाक फिरवा."

चाक गंजलं होतं. तीन वर्षांत त्याला कोणी तेलाचं बोट लावलं नव्हतं. बाई लोंबकळल्या, हलेना. शिंप्याने शिलाई मशीनच्या तेलाची कुपी आणून त्यावर रिकामी केली. मग शिंपी, बाई आणि छापखानेवाला असे तिघे भिडले. चाक करकरलं, पोलादी फळी इंच-इंच खाली उतरली आणि माझ्या पोटातली खळखळ थांबली. तोवर सात पायऱ्या बुडाल्या होत्या. आठवीवर, पोरांच्या पंज्यांपाशी, पाणी तासभर थबकून राहिलं. आणि मग पाऊस ओसरला.

त्या दिवशी गल्लीत पाणी आलं नाही. नदीला मी अडवलं आणि पावसाला त्याने बसायला जागा दिली. आम्हा दोघांपैकी एकच कोणी असतं तर ती खाट पुन्हा भिजली असती. हे कबूल करायला मला बराच वेळ लागला.

त्यानंतर गवंडी दर वर्षी आला. मला ठोकायचा, चाक फिरवून बघायचा, खड्ड्यातल्या नळाच्या तोंडावरच्या जाळीतला पाला काढायचा. शेवटी शेवटी काठी टेकत यायचा. गेल्या हिवाळ्यात तो गेला. त्याची बायको आता लेकीकडे असते. ती खिडकी बंद आहे.

आता पावसाळा आठ दिवसांवर आलाय. परवा शिंप्याची सून कापडाचे गठ्ठे माळ्यावरून खाली आणत होती. बाई रस्त्याने चालल्या होत्या. आता त्या निवृत्त झाल्या आहेत. त्यांनी हटकलं, "अगं, पावसाच्या तोंडावर खाली कशाला?"

सून हसली. "काही होत नाही हो बाई. मैदान आहे ना."

पहिल्यांदा मला मिरच्या झोंबल्या. माझं वाक्य त्याला दिलं! आणि मग, मित्रांनो, माझ्या पायातला दगड न् दगड गार पडला. या वाक्याने माझं काय झालं ते मी भोगलं आहे. ज्याच्याबद्दल 'आहे ना' म्हणतात, त्याला पुन्हा कोणी विचारत नाही.

म्हणून हात जोडून सांगते, हात नाहीत तरी. माझ्या अंगावर एक पंजा आहे, तिथून सुरुवात करा. बोटांच्या पेरांनी ठोका आणि कान द्या. चाकाला तेल घाला, ते फिरवून बघा. मग आठ पायऱ्या उतरा आणि मैदानाची जाळी साफ करा. हो, मैदानच म्हणाले मी. त्याला ठोकून विचारता येत नाही, त्याच्याकडे आवाज नाही. त्याच्यासाठी मला विचारा.

यंदा अजून कोणी आलेलं नाही.