कधीच न जन्मलेल्या कोळ्याची नोव्हेना

पहाटेची रोझरी पुरी झाल्याशिवाय मी तोंडात पाण्याचा थेंब घेत नाही, शुक्रवारी मांसाला शिवत नाही, आणि गेली एकवीस वर्षं कोणाशी आवाज चढवून बोललेले नाही. तिन्ही व्रतं काकुपेच्या देवमातेपुढे घेतलेली. का घेतली ते तिला ठाऊक. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल की बाई तोंडाळ आहे. मी तोंडाळ नाही. मला राग आला आहे.

आमच्या गावात कोणी वारलं की त्याची नऊ दिवसांची नोव्हेना मी चालवते. आई चालवायची, तिच्यामागे मी. प्रार्थना सगळी गुआरानीत, आमच्या मूळ भाषेत. शाळेत आम्ही गुआरानी बोललो की मास्तर जाड मिठावर गुडघे टेकायला लावत, त्यामुळे स्पॅनिश मी शिकले ती गुडघ्यांनी. आता नोटांवर दोन्ही भाषा छापतात, मंत्री भाषणाच्या सुरुवातीला दोन शब्द गुआरानीत बोलून टाळ्या घेतात. पण कोर्टात, बँकेत, दवाखान्यात जा, सगळं स्पॅनिश. गुआरानी आपली रडायला, अंगाईला आणि शिव्यांना. तीत मेलेल्यांसाठी देवाशी बोलता येतं, तेवढं तरी आमच्याकडे राहिलं आहे असं मला वाटायचं.

माझ्या शेजारी न्या एदुविहिस कान्तेरो राहते; न्या असं आमच्याकडे वयस्क बाईला मानाने म्हणतात. तिचा मुलगा इसाबेलिनो विहिरींचे पंप बसवायचा. एकतीस वर्षांचा होता. तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरात पोलीस कुरणापलीकडची वस्ती उठवायला आले. जमीन कोणाची यावरून तिथे दहा वर्षं भांडण चाललं होतं. इसाबेलिनोचं त्या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. तिथल्या एका घरचा पंप बंद पडला म्हणून तो पाना-पक्कड घेऊन गेला होता. गोळी लागली तेव्हा तो विहिरीत वाकलेला होता.

रेडिओवर सांगितलं, एक इसम ठार. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, एक घुसखोर ठार. नाव कुठेच नाही. न्या एदुविहिसने तो पेपर माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. तिला वाटलं मी घाईत नाव गाळते आहे. त्या दिवसापासून तिचं एकच मागणं राहिलं. न्याय वगैरे ती मागत नव्हती. पोराचं नाव चार परक्या लोकांनी ऐकावं, एवढंच.

पहिल्या वर्षश्राद्धाच्या नोव्हेनेला राजधानीहून, असुन्सिऑनहून, फाब्रिसिओ आला. हा सिनेमा काढणारा मुलगा. दाढी बारीक कोरलेली, बोलणं लाघवी. त्याला खरी नोव्हेना चित्रित करायची होती. मी आधी नाही म्हटलं. प्रार्थना काही नाटक नव्हे, ती कोणाच्या तरी नावाने सुटते आणि पोचते, असं आईने मला शिकवलं आहे. तेव्हा तो म्हणाला, मावशी, मला तेच हवंय, खरा माणूस, खरं नाव, तुमची भाषा, काही बदलणार नाही. त्याची आजीही गुआरानीत प्रार्थना म्हणायची म्हणे. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं त्याने.

मला ते पाणी पटलं नव्हतं. पण न्या एदुविहिसने माझा हात धरला. तिचा हिशेब साधा होता. सिनेमा दहा गावांत लागेल, परदेशात लागेल. जिथे जिथे लागेल तिथे तिथे तिची निकोलासा, म्हणजे मी, पडद्यावरून इसाबेलिनोसाठी प्रार्थना म्हणेल आणि अंधारात बसलेले लोक ते नाव ऐकतील. पेपराने गाळलेलं नाव सिनेमा सांगेल. तिने चूल विझवून ठेवली, कारण धुराने कॅमेऱ्यात नीट दिसत नाही असं ते म्हणाले. फोटो तिने स्वतः सात पायऱ्यांच्या वेदीवर वरच्या पायरीला लावला, आणि क्रुसावर नवीन विणलेलं कापड घातलं. नवव्या दिवशी मी पूर्ण प्रार्थना म्हटली. त्रेचाळीस वेळा इसाबेलिनो कान्तेरो हे नाव घेतलं. जपमाळेच्या मण्यावर मोजलं आहे.

मग दोन वर्षं फाब्रिसिओचा पत्ता नाही. मधूनमधून माझी नात फोनवर दाखवायची, सिनेमाला अमुक देशात बक्षीस मिळालं, फाब्रिसिओ काळा कोट घालून उभा. न्या एदुविहिस त्या छोट्या चित्रावर बोट ठेवून विचारायची, या लोकांनी ऐकलं असेल ना गं? मी म्हणायचे, ऐकलं असेल. आता त्या उत्तराचीही मला लाज वाटते.

गेल्या महिन्याच्या अखेरीला चर्चच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला. नगरपालिकेने चादर ताणली, खुर्च्या मांडल्या, फाब्रिसिओ आला, महापौरांची बायको आली. आम्ही दोघी दुसऱ्या रांगेत. न्या एदुविहिसने दफनाच्या दिवशीचा काळा पोशाख काढून पुन्हा घातला होता, इस्त्री करून.

सिनेमा बरा चालला होता. आमचा लाल मातीचा रस्ता, आमच्या गाई, सगळं दिसलं. लोक एकमेकांना कोपरानं ढोसत होते, तो बघ तुझा बैल, तुझ्यापेक्षा बरा दिसतोय. आणि मग मी दिसले. वेदीपुढे गुडघे टेकलेली, ओठ हलताहेत. आणि त्या ओठांतून दुसऱ्याच कोणाचा तरी आवाज आला. राजधानीच्या रेडिओवर साबणाच्या जाहिराती करतात तसा गोड, ओलसर आवाज, स्पॅनिशमध्ये. माझ्या तोंडात दुसऱ्या बाईची जीभ घातल्यासारखं झालं.

तेही मी गिळलं असतं. पण ती बाई म्हणाली, प्रभू, तुझा सेवक रामिरो, नदीने नेलेला कोळी, याला चिरंतन शांती दे.

कोळी! आमच्या गावाला नदी नाही. एक ओढा आहे, त्यात बदकं उभी राहतात तर त्यांचे पाय कोरडे राहतात. वेदीवरचा फोटो पुसट करून टाकलेला. आणि माझे ओठ, जे त्रेचाळीस वेळा इसाबेलिनो म्हणाले होते, ते आता एका कधीच न जन्मलेल्या कोळ्यासाठी हलत होते.

आणि त्याहून वाईट पुढे झालं. आमच्या लोकांना प्रार्थना ऐकली की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. लहानपणापासूनची सवय, अर्धवट झोपेतला माणूससुद्धा उत्तर देतो. पडद्यावर ती बाई थांबली आणि सगळा हॉल एका आवाजात म्हणाला, आणि अखंड प्रकाश त्याच्यावर पडो. दोनशे माणसं. माझ्या माणसांनी रामिरोला प्रकाश दिला. माझेही ओठ हलले, खोटं कशाला बोलू. माझ्या शेजारी फक्त एक तोंड बंद होतं.

दुसऱ्यांदा उत्तर झालं तेव्हा न्या एदुविहिसने मला हळूच विचारलं, "निकोलासा, हा रामिरो कोणाचा गं?"



सिनेमा संपला. टाळ्या पडल्या, कारण गाई छान दिसल्या होत्या. फाब्रिसिओ पुढे येऊन आपली संस्कृती, आपली भाषा, यावर बोलला, स्पॅनिशमध्ये बोलला. महापौरांच्या बायकोने त्याला फुलं दिली. मी गर्दी ओसरेपर्यंत थांबले आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. आवाज चढवायचा नाही हे व्रत त्या क्षणी मला दगडासारखं जड झालं, पण मोडलं नाही. मी विचारलं, इसाबेलिनो कुठे गेला?

त्याने मला बाजूला घेतलं. मावशी, समजून घ्या, म्हणाला. जमिनीचा खटला चालू आहे, वकिलांनी नाव घालू नका सांगितलं. ज्यांनी पैसे घातले त्यांची पलीकडेच कुरणं आहेत. आणि बाहेरच्या प्रेक्षकांना गुआरानी झेपत नाही, पडद्याखाली भाषांतराच्या पाट्या वाचून लोक कंटाळतात. पण भावना तीच आहे ना, म्हणाला. आईचं दुःख सगळीकडे सारखंच.

"भावनेला नाव असतं," मी म्हटलं. "तुझ्या आजीची नोव्हेना कोणी घातली तेव्हा कोळ्याच्या नावाने घातली होती का?"

तो मोबाइलकडे बघायला लागला. पुढच्या वेळी बघू, शेवटी श्रद्धांजली म्हणून नावाची पाटी टाकता येईल का विचारतो, म्हणाला. मग त्याला राजधानीची बस पकडायची होती.

न्या एदुविहिस हॉलच्या दारात उभी होती. बाहेर पडणारी माणसं तिला म्हणत होती, फार सुंदर झालं हो, तुमचं घर काय मस्त दिसलं. कोणी वाईट बुद्धीने नव्हतं म्हणत. सवयीने उत्तर दिलं तसं सवयीनेच कौतुक करत होते. मला त्यांचाही राग आला. पेपरवाल्याचा आला, वकिलाचा आला, त्या साबणवाल्या बाईचा आला, जिला बिचारीला माहीतही नसेल आपण कोणाच्या तोंडातून बोललो. आणि माझा स्वतःचा आला, कारण चूल विझव म्हणून त्यांनी सांगितलं तेव्हा गप्प बसले ती मी.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही नोव्हेना पुन्हा सुरू केली. फादर म्हणाले, निकोलासा, वर्षश्राद्ध अजून दोन आठवडे लांब आहे, ही कुठली नोव्हेना? मी म्हटलं, दोनशे माणसांनी चुकीच्या माणसाला प्रकाश पाठवलाय, तो परत आणायला नऊ दिवस लागतील. फादर हसले नाहीत. नवव्या दिवशी स्वतः आले आणि मागच्या बाकावर बसले.

हॉलमध्ये ज्यांनी उत्तर दिलं होतं त्यांना मी घरोघर जाऊन सांगितलं. बैलवाला डॉन हेर्वासिओ म्हणाला, अगं, मी तर डुलकीत म्हणालो. मी म्हटलं, मग आता जागेपणी म्हण. तो नऊही दिवस आला, आणि सगळ्यांत मोठ्याने म्हणाला.

फाब्रिसिओला मी फोन करून सांगितलं होतं. नोव्हेना ज्यांच्यामुळे घालावी लागते त्यांनी तिला बसायचं असतं. तो हो म्हणाला, नक्की येतो म्हणाला. आला नाही.

नवव्या दिवशी बसलेल्या प्रत्येकाला चिपा, म्हणजे चीज घातलेला घरचा पाव, आणि गुळाच्या वड्या देतात. न्या एदुविहिसने सगळ्यांच्या पुड्या बांधल्या आणि शेवटी आणखी एक बांधली. त्याची, म्हणाली. प्रार्थनेसाठी बोलावलं होतं, तर त्याचा वाटा निघतो. मला हे अजिबात पटलं नाही. मी स्पष्ट म्हटलं, कोंबड्यांना घाल. ती म्हणाली, कोंबड्यांनी काय वाईट केलंय.

मग तिने पुडी माझ्या हातात दिली आणि काय करायचं ते सांगितलं. दुपारी मी ती घेऊन बस स्टँडवर गेले. पार्सलच्या खिडकीत सालुस्तिआनो बसतो. असुन्सिऑनच्या स्टँडवर पार्सल सोडवायचं तर घेणाऱ्याला पाठवणाऱ्याचं नाव सांगावं लागतं. नाव सांगितल्याशिवाय ते देत नाहीत, मग तुम्ही मंत्री असा नाहीतर सिनेमावाले. घेणाऱ्याचं नाव मी सांगितलं. फोन नंबर सांगितला, पार्सल आलं की तिथून फक्त गावाचं नाव सांगून कळवतात. पाठवणारा कोण, त्याने विचारलं.

"इसाबेलिनो कान्तेरो."

सालुस्तिआनोचा हात थांबला. तोही त्या दिवशी हॉलमध्ये होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मोठ्या अक्षरांत पावतीवर लिहिलं आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवलं, खणखणीत, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं: पाठवणारा, इसाबेलिनो कान्तेरो. रांगेतल्या एका म्हातारीने सवयीने छातीवर क्रुसाची खूण केली.

चारच्या बसने पार्सल गेलं. आत चिपा, गुळाच्या वड्या आणि माझी एक चिठ्ठी आहे. चिठ्ठी गुआरानीत आहे. वाचता आली नाही तर त्याने कोणालातरी विचारावं. चिपा तीन दिवस टिकतो. त्याआधी खिडकीशी उभं राहून नाव घ्यायचं की नाही, ते त्याने ठरवावं.